गुरुवारचं राहिलं

बार्बेक्यूचे निखारे विझत आले होते. बुकित तिमाहच्या एका कॉन्डो सोसायटीत मोठी माणसं पूलपाशी आवराआवर करत होती आणि पोरांनी हरीशकाकांना एका कोपऱ्यात गाठलं होतं.

"काका, भुताची सांगा. पण खरी हं," इरा म्हणाली.

"रिअल वन, लाह," वेदांतनं इथल्या पोरांच्या ढंगात पुस्ती जोडली.

काकांनी चष्मा काढून पुसला. "खरीच सांगतो. माझ्या माहितीतल्या माणसाची आहे. प्रबोध त्याचं नाव. बँकेत आहे, अजून इथंच राहतो. गणपतीत तुम्ही त्याला पाहिलंही असेल. पण यातलं अक्षर त्याला विचारायचं नाही. कबूल?"

माना हलल्या. काका सांगू लागले.

तारीख त्यांना पाठ होती. सतरा सप्टेंबर दोन हजार पाच, शनिवार, अनंत चतुर्दशी. रात्री सव्वादहाला प्रबोध चांगी विमानतळावर उतरला. पाठीवर एक सॅक, हातात एक पिशवी. पिशवीत मेंढीच्या दुधाच्या चीजचा गोळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो अभयसाठी होता. अभय डेंग्यूनं आजारी, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात. आता एवढ्या रात्री कुणी भेटू देणार नाही. सकाळी उठून पहिलं काम हेच, असं ठरवून प्रबोधनं टॅक्सीवाल्याला यिशुनचा पत्ता सांगितला.

यिशुनमध्ये हे दोघं एका फ्लॅटमध्ये तीन वर्षं एकत्र राहत होते. अभय युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, धातूंवर संशोधन करणारा. स्पेनच्या उत्तरेला, बास्क मुलुखात, बिल्बाओ नावाचं गाव आहे. तिथं नदीकाठी एक म्युझियम उभं आहे, सगळं टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं. पाऊस पडून ऊन आलं की ते पत्रे सोन्यासारखे दिसतात, असं अभयनं कुठंसं वाचलं होतं, आणि दोन वर्षं त्याला दुसरा विषय नव्हता. आठवडाभर जायचं. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान. हॉस्टेलात झोपायचं, दुपारी बागेत बसून पाव-चीज खायचं आणि संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये हिंडायचं. तिथं काउंटरवर काडीला टोचलेले घास ताटंच्या ताटं मांडून ठेवतात. नकाशावरच्या खुणा अभयच्या, बुकिंग अभयचं. प्रबोधनं फक्त "चल" म्हटलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री अभयला ताप भरला. सकाळी टॅक्सी खाली आली तेव्हा तो पांघरूण लपेटून सोफ्यावर बसला होता.

"दोन दिवस थांबायचं का रे? तिकिटं पुढं ढकलता येतात का बघ ना."

"विचारलं मी," प्रबोध म्हणाला. "नाही म्हणतात."

त्यानं विचारलं नव्हतं. सुट्टी मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, मन केव्हाच विमानात बसलेलं. तोंडातून खोटं कसं सटकन गेलं, त्यालाच कळलं नाही.

अभय हसला. "बरं, तू जा. दोघांनी कशाला बुडवायचं? पण आल्यावर सगळं सांगायचं. एक घास गाळायचा नाही."

प्रबोध गेला, आणि खरं सांगायचं तर मजेत राहिला. बिल्बाओत पाऊस लागला, ऊन आलं, आणि म्युझियम खरंच सोन्याचं झालं. आत गंजलेल्या पोलादाच्या भिंती, माणसाच्या दुप्पट उंच, वळत वळत जातात. त्यांच्यामधून चालताना आपलीच पावलं मागून ऐकू येतात. बाहेर फुलझाडांनी मढवलेला केवढा तरी पुतळा, कुत्र्याचा. मंगळवारी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर अभयची मेल दिसली : ॲडमिट केलंय, प्लेटलेट्स उतरल्यात, काळजी करू नको, पत्र्यांचा रंग कसा होता? प्रबोधनं दोन ओळी लिहिल्या आणि मग पुन्हा मेल उघडली नाही. उघडली, तर परत यावं लागेल असं काहीतरी त्यात असेल, ही भीती होती. त्या भीतीला तो "आराम करू दे त्याला" असं म्हणत होता.

गुरुवारी संध्याकाळी सान सेबास्तियानला, जुन्या गावातल्या एका बारमध्ये, गर्दीत कोपर टेकायला जागा मिळाली. ऑलिव्ह, खारवलेली मासळी आणि हिरवी मिरची एका काडीला. तोंडात टाकली की डोळ्यांत पाणी, पण दुसरी घ्यावीशी वाटणारी. बारवाला बाटली डोक्याच्या वर धरून ग्लासात वाइन ओतत होता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. अभयचं नाव. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते.

प्रबोधनं बघितलं. आता उचलला तर आजारपण ऐकावं लागेल. हातात ग्लास होता. शनिवारी भेटणारच आहे की, असं मनाशी म्हणून त्यानं फोन कापला. आणि बंद केला.

काका इथं थांबले. कुणीतरी खुर्ची पुढं ओढली.

तर, त्या शनिवारी रात्री साडेअकराला टॅक्सी ब्लॉकखाली थांबली. दुसऱ्या दिवशी चिनी लोकांचा कंदिलांचा सण. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकमध्ये, पोरांनी टांगलेले कागदी कंदील तसेच होते, त्यातल्या एकातली मेणबत्ती अजून जळत होती. माणूस कुणी नव्हतं. प्रबोध लिफ्टनं नवव्या मजल्यावर गेला. किल्ली लावली.

आत अंधार. दिव्याकडे हात गेला.

"लावू नकोस," सोफ्यावरून आवाज आला. "डोळ्यांना त्रास होतो."

प्रबोधच्या हातातली पिशवी पडता पडता राहिली. "अभ्या! सोडलं तुला? अरे, कळवायचं तरी!"

"तुझा फोन बंद होता."

"हो… चार्ज संपला."

"बस. सांग."

कॉरिडॉरमधला ट्यूबलाइट खिडकीच्या काचेतून जमिनीवर पट्टा टाकत होता. सोफा त्या पट्ट्याच्या पलीकडे. अभय पांघरूण लपेटून बसला होता, तसाच. प्रबोधला बरंच वाटलं. आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलल्यासारखं. बरा झाला, घरी आला, झालं तर! तो समोर जमिनीवरच बसला आणि सांगू लागला. पाऊस सांगितला, सोनं सांगितलं. पोलादाच्या भिंती सांगितल्या.

"गंज कसा होता? वरचा पापुद्रा सुटत होता का?"

"नाही. मखमलीसारखा."

"हात लावलास?"

"लावू देत नाहीत. पण लावला."

अभय हळूच हसला. मग बस सांगितली, डोंगर, सान सेबास्तियानचा तो अर्धचंद्रासारखा किनारा. खडकात रोवलेली, पंज्यांसारखी प्रचंड लोखंडी शिल्पं, आणि लाट आली की पायाखालच्या भोकांतून फुसकन वर येणारा वारा. अभय एकेक तपशील विचारत होता. चीज कापून देऊ का म्हटल्यावर नको म्हणाला. पाणीही नको म्हणाला.

"हा बुधवार झाला," तो म्हणाला. "गुरुवारचं सांग."

"गुरुवारी… सकाळी टेकडीवर गेलो. दुपारी चीजकेक. वरून पार करपलेला, आत लोण्यासारखा."

"संध्याकाळी?"

"बारमध्ये. जुन्या गावात."

"किती वाजता?"

"साताच्या सुमाराला."

"आठ वाजता काय खात होतास?"

वर पंखा फिरत होता. प्रबोधच्या शर्टाची कॉलर हलत होती. समोरचं पांघरूण… हलत नव्हतं.

"आठवत नाही."

"आठवेल."

प्रबोधनं पिशवीतलं वर्तमानपत्र उगीचच सारखं केलं.

"फोन वाजला होता का रे?"

"रेंज नव्हती तिथं," प्रबोध म्हणाला. आणखी एक खोटं. पहिल्यासारखंच सटकन गेलं.

वरचा पंखा फिरत राहिला.

एक मिनिट. दोन मिनिटं. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. तिच्या दिव्यांचा उजेड छतावरून भिंतीवर आला, भिंतीवरून सोफ्यावर. पांघरूण दिसलं. पांघरुणाच्या वर…

उजेड गेला.

प्रबोधनं डोळे मिटून घेतले. उठावं वाटलं. पण तो बसूनच राहिला.

"गुरुवारचं राहिलं," आवाज म्हणाला. रागाचा नव्हता. नेहमीचाच. फक्त आता तो सोफ्यावरून येत नव्हता. जवळून येत होता. अगदी शेजारून.

"वाजला होता," प्रबोध म्हणाला. "तुझं नाव बघितलं. मी कापला. आणि… अभ्या, तिकिटांचंही मी कुणाला विचारलं नव्हतं. मला जायचं होतं. मला फक्त जायचं होतं."

प्रबोधनं डोळे उघडले नाहीत.

मग कानाशी, थंडगार, हळू :

"बरं. मग? पुढं काय खाल्लंस?"

प्रबोध रडत रडत सांगत राहिला. एक घास गाळला नाही. ऑलिव्हची बी कुठं टाकली तेसुद्धा सांगितलं. शेजारून मधूनच "हं" येत होतं. कधी यायचं थांबलं, त्याला कळलं नाही.

"काका, इनफ," इरा म्हणाली. पण जागची उठली नाही.

काकांचा आवाज खाली आला. "सकाळी सातला त्याच्या दाराची बेल वाजवली, ती मी. सोबत अभयचा थोरला भाऊ, निशिकांत. नागपूरहून आलेला. आम्ही दोन दिवस प्रबोधला शोधत होतो, फोनवर निरोपांवर निरोप. अभय शुक्रवारी पहाटे सव्वापाचला गेला होता. शनिवारी दुपारी मंडाईच्या स्मशानात आम्ही त्याला निरोप दिला. मी स्वतः होतो, डोळ्यांनी पाहिलं."

प्रबोध दारात ऐकत उभा होता. निशिकांत त्याचा हात धरून म्हणाला, "नर्स सांगत होती, रात्री दोनला त्यानं फोन मागितला. आम्हाला नाही लावला, आई घाबरेल म्हणून. एकच फोन लावला म्हणे. लागला नाही बहुतेक."

इथले रात्रीचे दोन म्हणजे स्पेनमधले संध्याकाळचे आठ.

प्रबोधनं निशिकांतला तिथंच सगळं सांगितलं. तिकिटांचं आणि फोनचं. रात्रीचं मात्र नाही; ते नंतर कधीतरी, एकट्या हरीशकाकांना. निशिकांत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "त्याला तुमच्याशीच बोलायचं होतं, एवढं खरं. आईला मी हे सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका." माफ केलं असं तो म्हणाला नाही. प्रबोधनंही माफी मागितली नाही.

जाताना निशिकांतनं हॉस्पिटलनं दिलेली सीलबंद पिशवी उघडली आणि अभयचं मनगटी घड्याळ प्रबोधच्या हातात ठेवलं. चालू होतं, पण बरोबर सहा तास मागे. अभयनं पडल्या पडल्या ते स्पेनच्या वेळेला लावून ठेवलं असणार. आता हा उठला असेल, आता जेवत असेल, असा हिशेब करायला. प्रबोधला काटे फिरवायचा धीर झाला नाही. त्यानं ते तसंच कपाटाच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं.

"पुढं ऑक्टोबर संपत आला," काका म्हणाले. "एकतीस तारीख, सोमवार. बँकेत सकाळी कुणीतरी बोर्डावर लिहिलं होतं की काल रविवारी युरोपात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली, तिकडचे कॉल आता उशिरा सुरू होतील. प्रबोध तसाच उठला. टॅक्सी करून घरी आला. मला फोन करून बोलावलं, एकट्याला खण उघडवत नव्हता. कुलूप मी उघडलं."

काका उठले. खुर्चीच्या पाठीवरचा पंचा खांद्यावर घेतला.

"माझ्या हातातल्या घड्याळात तेव्हा साडेअकरा झाले होते. त्या घड्याळात साडेचार. मी तीनदा मोजलं, पोरांनो. सहा नाही, सात तास."