परत एकावर आलंय

पहिल्या भेटीत ती त्याच्यावर खेकसलीच होती.

"अहो, तुमचा हा कॉम्प्युटर दर मिनिटाला आचके देतोय!"

वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ती ब्लॉग लिहीत होती. वाक्याला जरा कुठे लय यावी, की पडद्यावर 'जतन होत आहे' झळकायचं आणि अक्षरं जागच्या जागी गोठायची. कॉम्प्युटर सांभाळणारा तो उंच मुलगा शेजारी येऊन वाकला. धुतल्या शर्टाचा मंद वास...

"कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे. तुमचा ब्लॉगच दर मिनिटाला लिहिलेलं आपोआप साठवतो. नेट हळू, म्हणून अडखळतो. पाच मिनिटांवर ठेवू?"

"ठेवा."

त्यानं सेटिंगमध्ये एकाचे पाच केले. अक्षरं झरझर धावू लागली.

दोनच दिवसांनी स्वारी हजर. "परत एकावर आलंय हो!"

त्यानं मुकाट्यानं पाच केले. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही. आई मात्र म्हणालीच, "घरात चांगला धडधाकट कॉम्प्युटर असताना तिथं काय दिवे लावतेस गं?"

मग एका दुपारी तो खाली बघत म्हणाला, "सोमवारपासून माझी दुसऱ्या शाखेत बदली झालीय. जाण्याआधी हे साठवणं कायमचं बंदच करून देतो. मग तुला कुणाला बोलवायला नको."

"नको!" तिनं माऊसवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला... आणि हात तिथंच राहिला.

"का? सारखं बिघडतंय ना?"

"बिघडत नाही... घरी जाऊन मीच परत एक करते."

त्याचे कान लाल झाले. "माहीत होतं. ब्लॉग कधी आपणहून सेटिंग बदलतो होय?"

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"बोललो असतो, तर आली असतीस?"

...आता तिच्या मांडीवर लेक झोपलीय. एका हातानं टायपिंग चाललंय. नेट सुसाट, अक्षरं कधीच गोठत नाहीत. तरी ती हळूच हाक मारते, "ऐक ना... परत एकावर आलंय."

दुधाची बाटली विसळायची सोडून, हात पुसत तो येतो, तसाच वाकतो. "सुधारू नकोस तू. पाच?"

"पाच."

तो वळतो, तशी ती गुपचूप पुन्हा एक करते. लेक कधी उठेल, नेम नाही; लिहिलेलं मिनिटामिनिटाला साठलेलं बरं. शिवाय उद्याही त्याला बोलवायचंय.