खांद्यावरची बोटं

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, मंजुषा वेबसाइटसाठी चित्रं तयार करून द्यायची. थंडीतल्या एका संध्याकाळी निफाडची हर्षाली तिच्याकडे आली. सोबत तिची आई, लंकाबाई. घरच्या बेदाण्याची वेबसाइट करायची होती आणि पहिल्याच पानावर, द्राक्षांच्या मांडवापुढे, वडील उभे दिसायला हवे होते. सावळीराम दिवाळीआधीच गेले होते. हर्षालीने स्वतः फोटो कापून पाहिला होता, पण पानावर टाकला की वडिलांच्या मागे पांढरा चौकोन उमटायचा.

जेपीजीत मागची बाजू पारदर्शक राहत नाही, पीएनजी करून सेव्ह करावं लागतं, असं मंजुषाने तिला सांगितलं आणि लगेच कामाला बसली. हर्षाली भाजी घ्यायला खाली उतरली. लंकाबाई मागच्या खुर्चीत बसून राहिल्या.

फोटोत सावळीराम एकटेच होते. बुटके, पांढरा सदरा, मागे ओसरीची भिंत. मंजुषाने भिंत काढून टाकली. तिच्या जागी करड्या-पांढऱ्या चौकटी आल्या. इथे काही नाही, एवढंच सांगणाऱ्या. डाव्या खांद्यावर मात्र काहीतरी फिकट राहून गेलं होतं. भिंतीचा रंग असेल म्हणून तिने ते पुसलं, फाइल सेव्ह केली, पुन्हा उघडली.

ते तिथेच होतं.

तिने चित्र मोठं केलं. मागून येऊन खांदा घट्ट धरलेली बोटं होती ती. इवलीशी. नखांसकट.

मूळ फोटो उघडला, तर खांदा स्वच्छ. तिने पुन्हा पुसलं, पुन्हा सेव्ह केलं. बोटं परत आली. खालचा बाजाराचा गलका कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला. खोलीत वास येत होता, न्हाऊ घातलेल्या बाळाला देतात त्या धुरीचा, वेखंडाचा. म्हातारीच्या नजरेस हे पडायला नको म्हणून मंजुषा पडद्यावरचं चित्र बंद करणार, तोच मागून हलका आवाज आला.

"पोरी... पुसू नको."

लंकाबाई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. हर्षालीच्या आधी एक मुलगा झाला होता. बापाच्या खांद्यावरून खाली उतरायचा नाही. नीट चालायला लागायच्या आतच तापाने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता, आणि सावळीरामांनी त्याचं नाव पुन्हा घरात काढलं नाही.

"एवढासा माणूस," त्या म्हणाल्या, "तरी दारातनं येताना वाकायचा. जाईस्तवर वाकायचा. वरच्याचं डोकं आपटू नये म्हणून... मी कधी इचारलं नाय."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, त्या बोटांच्या शेजारी. डोळे भरले होते, पण चेहरा निवांत होता.

"धरून बसलाय बघ. आता पडायचा नाय."

मंजुषाने फाइल तशीच दिली. वेबसाइटवर ती बोटं मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. हर्षालीला अजून दिसलेली नाहीत.

द्राक्षं उतरायला लागली तेव्हा हर्षालीने त्याच पानासाठी आईचा फोटो पाठवला. मळ्यात काढलेला, लंकाबाई एकट्याच. मंजुषाने दुपारीच काम उरकलं. फाइल उघडून तिने आधी डावा खांदा पाहिला. पण खांदा मोकळा होता. तिला हायसं वाटलं. मग तिची नजर खाली गेली.

मूळ फोटोत पदर सरळ खाली सुटला होता. इथे त्याचं टोक चुरगळून, बाजूच्या रिकाम्या चौकटींकडे ताणलं गेलं होतं. छोट्या मुठीत धरून कुणी ओढावं तसं.

तिने हर्षालीला फोन लावला. आई बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं.

"मजेत आहे की, ताई. आत्ताच उठून मळ्याकडे निघालीय. 'आले रे, आले' म्हणत. हाक कुणी मारली कुणास ठाऊक... मला तर ऐकू आली नाही."