गाळलेले हुंकार

एलेन सारखी मधेच का थांबते, तेच आम्हाला कळत नव्हतं. रेडिओ ठणठणीत होता. चंद्रावरच्या आमच्या चकोर तळावर तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण दोन वाक्यं झाली की ती गप्प व्हायची आणि घाबऱ्या आवाजात विचारायची, "हॅलो? आर यू देअर?"

"येस एलेन, वी आर हिअर!" माझे आजोबा, आप्पा ओरडायचे. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा तेच.

एलेन आमच्या तळावरची भूगर्भशास्त्रज्ञ. तिची गाडी एका घळीत घसरली होती. ठावठिकाणा सांगणारं यंत्र फुटलं होतं आणि हवा जेमतेम तासभर पुरणार होती. बाबा बचावगाडी घेऊन गेले होते, पण तिकडे घळी शेकड्यांनी! खिडकीतून काय दिसतंय ते ती सांगत राहिली, तरच बाबांना नेमकी घळ सापडणार होती. 

"मी बोलत असताना कोणी ऐकतच नसेल तर मी रेडिओ बंद करते," एलेन इंग्रजीत म्हणाली. "बॅटरी हीटरला लागेल."

आप्पा माझ्याकडे वळले. ते भाषावैज्ञानिक (भाषा कशी चालते याचा शास्त्रीय अभ्यास करणारे). "अगं शलाका, मी तिच्या प्रत्येक वाक्याला 'हंऽ', 'राइट', 'आय सी' म्हणतोय. आणखी काय करू?"

मी रेडिओच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. आवाज बाहेर गेला की तो लागतो. आप्पा 'हंऽ' म्हणाले. दिवा लागला नाही. 'राइट' म्हणाले, तरी नाही.

"आप्पा, तुमचे हुंकार जातच नाहीयेत!"

चंद्रावर वजन इतकं कमी की मटकन बसता येत नाही, म्हणून आप्पा सावकाश खुर्चीत उतरले. "गाळणी," ते पुटपुटले.

वीज वाचावी म्हणून रेडिओला गाळणी (बिनकामाचे आवाज वगळणारा प्रोग्राम) बसवली होती. इंग्रजीतल्या बिनकामाच्या शब्दांची यादी दिली होती कोणी? आमच्याच आप्पांनी! शब्दकोश उघडून बसले आणि ज्याला धड अर्थ नाही ते सगळं यादीत टाकून मोकळे झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

"आणि गोष्ट सांगताना मी हुंकार दिला नाही, तर तुम्हीच थांबता की! 'झोपलीस का गं?' म्हणून विचारता."

"खरंय." आप्पा घाईघाईने गाळणी बंद करायला लागले. "याला पार्श्वप्रतिसाद म्हणतात (बोलणाऱ्याला न थांबवता ऐकणाऱ्याने दिलेला हुंकार). इंग्रजी बोलणारे ऐकताना 'राइट' म्हणतात, तेव्हा ते काही गणित तपासत नसतात. 'मी आहे, तू बोल' एवढंच सांगत असतात. भाषा नुसती माहिती पोचवत नाही, माणसं जोडूनही ठेवते. मी शब्दांचे अर्थ पाहिले, त्यांचं काम पाहिलंच नाही."

गाळणी उतरली. आप्पांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून माइकसमोर मी बसले.

"समोर दोन सुळके आहेत," एलेन म्हणाली.

"हंऽ," मी म्हणाले. हिरवा दिवा लागला.

 मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "डावा मोडका आहे... त्याच्या टोकावर पृथ्वी दिसतेय..."

"हंऽ... राइट..."

ती बोलत राहिली, मी हुंकार देत राहिले.  विसाव्या मिनिटाला बाबांचा आवाज आला, "दिसली! गाडीचा दिवा दिसला!" मी भोकाड पसरलं, खरं सांगायला लाज कसली.

आप्पांनी ती यादी फाडली आणि नव्या वहीत पहिली ओळ लिहिली: 'उद्या दुसऱ्या ग्रहावरून कोणी बोललं, तर आधी शोधायचं, ते आपल्या हुंकारासाठी कुठे थांबतात.'

संध्याकाळी पायाला पट्टी बांधलेली एलेन आमच्या खोलीत पडली होती. आप्पांनी गोष्ट सुरू केली, "आटपाट नगर होतं..." आणि सवयीने थांबले. मी तोंड उघडणार, तोच मराठीचा एक शब्दही न येणारी एलेन डोळे मिटूनच म्हणाली, "हंऽ."