थरथर कुठे जाते

इंदुरीच्या पुढे आमचं वर्कशॉप आहे. पंपाच्या लोखंडी बॉडीला होल पाडायचं आणि त्याच दमात आत आटे कापायचे, अशी दोन्ही कामं करणारं एकच टूल तिथे चालतं. पाचशे होल झाले की ते थरथरायला लागतं आणि तुटतं. एका टूलवर पाच हजार काढून दाखवले तर मी नोकरीत कायम होणार होते, नाहीतर मार्चअखेर घरी.

मशीन नथूभाऊ चालवायचे. थरथर मोजायला मी सेन्सर बसवला, तरी ते आपला तळवा मशीनच्या खांबावर ठेवूनच उभे राहत.

"सेन्सरवर भरवसा न्हाई वाटतं?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"त्यो नुसता बघतोय, मॅडम. समजूत मला काढावी लागती."

त्यांचा हात असला की पडद्यावरची रेघ सपाट होई. काढला की लगेच लाट. मी सेन्सर बदलला, वायर बदलली. तेच. हजार झाले, दोन हजार झाले. भिंगाखाली टूलची धार कोरी करकरीत. साहेबांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

थरथर नाहीशी होत नाही, कुठेतरी जाते, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी मी गप्प बसले.

तीन हजारांनंतर नथूभाऊंचा चहा कपातून सांडू लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. "वय झालं," म्हणून ते हसायचे. चार हजार नऊशेला मात्र म्हणाले, "मॅडम, आज हात न्हाई ठिवला तर चालंल का? आतून लय हलतंय."

"शंभरच राहिलेत, भाऊ."

हे मी बोलले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी शंभर पुरे केले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, मला पाणी आणून दिलं.

"बोलत न्हाईत. डाक्टर म्हनला, रिपोर्ट समदे बरे हायेत. पर खाटंला हात लावून बघा."

मी पेला खाली ठेवला आणि पिशवीतला सेन्सर खाटेच्या पायाला लावला. मोबाइलवर रेघ उमटली. होल. आटे. टूल माघारी. क्षणभर थांबून पुन्हा होल.

प्रत्येक लाट आधीच्याहून उंच होती. टूल तुटायच्या आधीची ही चढण मी ओळखते.

फळीवरची भांडी किणकिणायला लागली.

"मॅडम, धरा की जरा त्यांना!" शालूबाई म्हणाल्या.

मी घाबरले होते. तरी तळवा त्यांच्या छातीवर टेकवला.

भांडी गप्प झाली.

नथूभाऊंनी डोळे उघडले आणि चहा मागितला. "देव पावला," म्हणत शालूबाई चुलीकडे धावल्या.

मी पेला उचलला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. थांबत होती. पुन्हा उठत होती.