गोगलगायी कुठून येतात

त्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर मी बियाण्यांच्या दुकानात गेले ती भांडायच्याच तयारीने. दवाखाना दातांचा, मी तिथे काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकते. त्यामुळे संध्याकाळी माझ्यात फारसा गोडवा उरत नाही. आठवड्यापूर्वी दुकानदारकाकांनी मला तांब्याची पट्टी दिली होती. वाफ्याभोवती फिरवा, गोगलगायी ओलांडणार नाहीत, म्हणाले होते. त्या ओलांडत होत्या.

"शंखवाल्या की बिनशंखाच्या?" काकांनी शांतपणे विचारलं.

"बिनशंखाच्या. बोटाएवढ्या, मातकट. सकाळी बघावं तर पान गायब, नुसता देठ. आणि सगळीकडे त्या चिकट, चकचकीत रेषा."

"राख टाकली?"

"पावसाने वाहून गेली."

"अंड्याची टरफलं?"

"त्यांच्यावरून अशा जातात की जणू कुणी गादी अंथरलीय."

"मीठ तेवढं टाकू नका हं."

"टाकलं. नवऱ्याने फोनवरून सल्ला दिला म्हणून. गोगलगायी मेल्या, आणि सोबत दोन रोपंही गेली."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग हाताने वेचायच्या, वहिनी. अंधार पडला की बॅटरी घ्यायची, साबणाच्या पाण्याची बादली घ्यायची. पंधरा दिवस, एकही दिवस न चुकवता. आणि एक सांगतो. रोज एवढ्या येतात म्हणजे जवळच कुठेतरी त्यांचं घर आहे. ओल, काळोख, कुजकं लाकूड, असं काहीतरी. ते सापडेपर्यंत तुम्ही वेचत राहाल आणि त्या येत राहतील."

तुम्ही म्हणाल, चार रोपांसाठी एवढा आटापिटा कशाला. मला स्वतःला त्या रोपांशी काही देणंघेणं नव्हतं. ती रोपं नानांची. नाना म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं त्यांनी तंत्रशाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नवरा दूर धरणाच्या कामावर, तीन-तीन महिने घरी फिरकत नाही. आम्ही हे बैठं घर भाड्याने घेतलं ते मागच्या बागेसाठी, कारण नानांच्या खोलीची खिडकी बरोबर बागेवर उघडते. तिथे त्यांच्यासमोर मी घेवड्याची रांग लावली. सकाळी खुर्ची खिडकीशी नेली की ते ती रांग निरखायचे, आणि सगळं ठीक असेल तरच घास घ्यायला तोंड उघडायचे. एखादं रोप खाल्लेलं दिसलं की दिवसभर ओठ घट्ट मिटलेले. पेज, दूध, काहीही पुढे करा, मान वळवायचे. वजन उतरत चाललं होतं. आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे गोगलगायी घेवडा खात होत्या आणि घेवड्याबरोबर माझ्या सासऱ्यांना. त्या चिकट प्राण्यांवर माझा किती राग होता, ते सांगून कळणार नाही.

तर मी वेचायला लागले. संध्याकाळी सात वाजता पायात गमबूट, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात बादली, आणि जेवणाच्या टेबलावरचा चिमटा. पहिल्या दिवशी वाकून वाकून कंबर धरली आणि हाताला लागल्या जेमतेम सात-आठ. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

नाना डाव्या हातातल्या काठीचं टोक काचेवर आपटत होते. मी वैतागून वर पाहिलं. दिव्यासमोर त्यांची काळी आकृती, आणि काठी डावीकडे दाखवतेय. मी डावीकडे वळले. पानाखाली ही भलीमोठी गोगलगाय. तीन-चार दिवसांत आमचं ठरूनच गेलं. एक टक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे सरळ पुढे. हात थरथरायचा, त्यामुळे टकटक कधीच सारखी पडायची नाही. एक जोरात, एक हलकी, मध्ये काठी घसरल्याचा आवाज. माझं चुकलं की ते काच फुटेल इतकं बडवायचे. "दिसतंय मला, आंधळी नाहीये मी," असं मी बाहेरून ओरडायचे. एकदा घसरून मी वाफ्यात बसले, आणि वर पाहिलं तर ते हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज घेतली. मी ओट्याशी उभी राहून थोडी रडले आणि मग चिखलाचे कपडे धुतले.

पण गोगलगायी कमी होईनात. वेचाव्यात तेवढ्या दुसऱ्या दिवशी हजर. काका म्हणाले होते ते घर काही सापडेना. विटा उलटल्या, कुंड्या सरकवल्या. कुठेच काही नाही.

बारावा दिवस असेल. दुपारपासून पाऊस लागला होता, तो सातला थांबला. नानांना अंघोळ घालायला, अंग चोळून द्यायला एक सिस्टर यायच्या. त्यांची वेळ सहाची, पण पावसामुळे त्यांचा पत्ता नव्हता. त्यांच्याकडे पुढच्या दाराची किल्ली असते, त्यामुळे मी वाट बघत बसले नाही. नानांची खुर्ची खिडकीशी लावली, काठी हातात दिली आणि मागे उतरले.

बागेत सगळं थेंबाथेंबाने गळत होतं. मातीला पावसानंतरचा वास नव्हता. झाकण बंद करून महिनोन्महिने ठेवलेल्या भांड्यासारखा वास होता. मी घेवड्याकडे प्रकाश टाकला. एकही गोगलगाय नाही. रोपं स्वच्छ. मला बरं वाटायला हवं होतं. मला उगाचच राग आला, इतकी तयारी करून आल्यावर समोर कुणीच नाही म्हणून.

टक टक.

उजवीकडे. मी वळून पाहिलं. खिडकीतला दिवा बंद होता. बाहेरचं नीट दिसावं म्हणून नानांनी काठीने बटण दाबलं असावं, असं मला वाटलं. ते असलं काहीतरी करायचेच. मी उजवीकडे गेले. भोपळ्याच्या वेलाखाली एक गोगलगाय सरकत होती. उचलली.

टक टक टक.

सरळ पुढे. पुढे आणखी दोन. मग आणखी. बॅटरी फिरवली तेव्हा लक्षात आलं, त्या सगळ्या एकाच दिशेला चालल्या होत्या, वेलाच्या आतून, मागच्या कुंपणाच्या कोपऱ्याकडे. मी मनात म्हटलं, नानांना सापडलं यांचं घर. दिवसभर खिडकीत बसून बघतात, त्यांना दिसणार नाही तर कुणाला. आणि आणखी एक जाणवलं, ते सांगायला आज लाज वाटते. टकटक अगदी सारखी पडत होती. एकाच जोराची, एकाच अंतराने. हात सुधारतोय, असं मला वाटलं. मला फार आनंद झाला.

टक.

डावीकडे. वेलाची पानं मांडीपर्यंत आली होती. गमबुटाखाली काहीतरी पचकन चिरडलं, मग पुन्हा. बादली भरत आली होती.

टक टक टक.

"नाना, पुरे आता," मी मोठ्याने म्हटलं. "उद्या बघू. मला किळस येतेय."

टक टक टक.

अजिबात घाई नाही. वर्गात मूल चुकलं की तेच पुन्हा सांगावं, तसं. मी वैतागून एक पाऊल टाकलं. "बरं, बरं. आणखी किती पुढे?"

टक टक टक.

तेव्हा कुठे मला वाटलं, मी खिडकीपासून एवढी लांब आले, आणि आवाज लहान कसा झाला नाही...

"ताई?"

न्हाणीघराची उंचावरची खिडकी उघडली होती. सिस्टरांचा आवाज होता. त्या कधी आल्या, मला कळलंच नव्हतं. "ताई, कुणाशी बोलताय तुम्ही?"

"नानांशी."

आत नळ बंद केल्याचा आवाज आला.

"नाना इथे आहेत माझ्याजवळ," त्या हळूच म्हणाल्या. "अर्धा तास झाला. अंगाला साबण लावलाय..."

मी नानांच्या खिडकीकडे पाहिलं. काच काळी होती. मागे कुणीही बसलेलं नव्हतं.

टक टक टक.

"ताई..." सिस्टरांचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "हे कोण वाजवतंय?"

मी बॅटरी खाली केली. माझा डावा पाय मातीवर नव्हता. तो एका फळीवर होता. वेलाखाली झाकलेल्या काळ्या, ओल्या फळ्या, आणि त्यांच्या फटींमधून गोगलगायी खाली उतरत होत्या, एकामागोमाग एक, निवांत. फळी माझ्या वजनाने वाकत होती. आणि पुढचा आवाज मी कानांनी ऐकला नाही. तो मला बुटाच्या तळातून कळला. तीनदा.

पाय कसा मागे घेतला ते आठवत नाही. फळीचा कुजका तुकडा तुटून आत पडला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

घरात आले तेव्हा नाना न्हाणीघरात स्टुलावर टॉवेल गुंडाळून बसले होते. साबण तसाच अंगावर. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते सिस्टरांनी सोडवेपर्यंत सोडलं नाही. सिस्टरांनी एवढंच सांगितलं की बाहेर टकटक सुरू झाली तसे नाना थरथर कापायला लागले, म्हणून त्यांनी खिडकी उघडली.

नवऱ्याला फोन केला. "पाण्याचे थेंब पडत असतील," तो म्हणाला. मी फोन ठेवला. घरमालकाला फोन केला. "हो, तिथे जुनी पाण्याची टाकी आहे की जमिनीखाली. सांगितलं नव्हतं का मी?" नव्हतं सांगितलं. मी त्याला काय काय बोलले ते सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गवंडी पाठवला.

गवंडी चांगला माणूस, बोलका. त्याने दोर सोडून पाहिला. दोन पुरुष खोल, तळाला हातभर पाणी. काठीने, गळाने ढवळलं. आत काही नव्हतं. मग त्याने फळ्या एकेक करून उलटल्या. खालच्या बाजूला गोगलगायींचा थर होता, लाकूड दिसू नये एवढा. त्याने तो फावड्याने खरवडला. मधली फळी मात्र वेगळी होती. एकच जागा सोडून त्या चारी बाजूंनी चिकटल्या होत्या, आणि त्या मोकळ्या जागेत एक खळगा होता. गोल, गुळगुळीत, माझा अंगठा बसेल एवढा.

"कीड लागली असेल," गवंडी म्हणाला.

नानांनी खुर्चीतून घशातून आवाज काढला. फळी त्यांना हवी होती. आम्ही ती त्यांच्या मांडीवर आडवी धरली. ज्या माणसाने आयुष्यभर डोळे मिटून लाकूड ओळखलं, त्याने डावं बोट त्या खळग्याच्या कडेने एकदा फिरवलं. मग हात मागे घेतला आणि तो सदऱ्याला पुसत राहिला. पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत.

टाकीत दगड भरले, वर काँक्रीट घातलं. मधली फळी अजून टणक होती, सागाची होती. "शेडच्या दाराला होईल," म्हणून गवंड्याने ती सायकलला बांधून नेली. मी अडवायला हवं होतं. मला फक्त ती डोळ्यांसमोरून जायला हवी होती.

गोगलगायी थांबल्या, हे खरं. एकदम थांबल्या. घेवडा आधाराच्या काठीच्या वर गेला, जांभळी फुलं आली. नाना दोन्ही वेळा जेवायला लागले, वजन वाढलं, नळीचा विषय मागे पडला. फक्त अंधार पडायच्या आत पडदा ओढावा लागतो. काठी ते आता हातात घेत नाहीत. सिस्टर अजून येतात, पण दुपारी.

गवंड्याने फळी नेल्यापासून पाचव्याच दिवशी मी कामावरून आले तर ती फळी आमच्या फाटकाला टेकवून ठेवलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. गवंड्याला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"ते झोपलेत," ती म्हणाली. "तीन रात्री झोपले नव्हते."

"फळी परत का पाठवलीत?"

"आम्ही दार केलंच नव्हतं, ताई. नुसती भिंतीला उभी केली होती... आम्हाला नको."

तिने फोन ठेवला. मी फाटकाशी वाकले. मग फळी उलटी केली. पाच दिवसांपूर्वी त्या खळग्यात माझा अंगठा जेमतेम बसत होता. आता मूठ सहज आत गेली. हात बाहेर काढला तेव्हा त्याला लाकडाचा बारीक भुसा चिकटला होता, कोरडा, ताजा, अजून थोडा कोमट.