आवाज न चढवणाऱ्या बायका

काम काय होतं, तर फक्त बीपी दाखवून यायचं. बस्स. अमेरिकेतल्या मेम्फिसमधला ऑगस्ट, शनिवारची दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटेल असला उकाडा, आणि कीओनाला आठवा महिना. सकाळपासून डोकं ठणकत होतं. हातपाय सुजलेले, पण ते काय, सगळ्यांचेच सुजतात. मग जेवताना मध्येच डोळ्यांसमोर ठिणग्या उडायला लागल्या, वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना दिसतात ना, तशा. तेव्हा तिचा नवरा टेव्हिन म्हणाला, चल, आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ.

आत्ताच्या आत्ता कसलं? आधी तयारी नको का?

दवाखान्यात जायला कसली आलीय तयारी, असं वाटेल तुम्हाला. पण कीओनाच्या माहेरी याचे नियम होते आणि तिच्या आईनं, अर्लीननं, ते लहानपणापासून घोकून घेतले होते. गोऱ्या डॉक्टरसमोर जायचं तर केस चापूनचोपून बसवलेले पाहिजेत. लिपस्टिक पाहिजे. लग्नाची अंगठी दिसली पाहिजे. आणि आभाळ कोसळलं तरी आवाज चढवायचा नाही. "काळ्या बाईचं दुखणं कुणाला खरं वाटत नाही पोरी," अर्लीन म्हणायची, "ते इस्त्री करूनच न्यावं लागतं."

त्यात तीन वर्षांपूर्वी चुलत बहिणीचं, टॅबिथाचं, ते झालं. बाळंतपणानंतर तिला श्वास घेता येईना, म्हणून ती ओरडली. तर डॉक्टरच्या आधी आला सिक्युरिटी गार्ड. बाई अंगावर येतेय म्हणे. टॅबिथा वाचली, पण तो गार्ड सगळ्या घराच्या डोक्यात जाऊन बसला.

म्हणून कीओना फुटणारं डोकं घेऊन आरशासमोर उभी राहिली. चर्चला घालायचा पिवळा ड्रेस चढवला, लिपस्टिक लावली. अंगठी काही बोटात जाईना, तर साबण लावून लावून रेटली. बोट जांभळं पडलं, पण अंगठी दिसत होती एकदम झकास.

टेव्हिननं तिला दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि तो अर्लीनला आणायला चर्चला गेला. तिथे मासे तळून विकायचा कार्यक्रम होता आणि अर्लीन फोन घरी ठेवून कढईपाशी उभी होती. तासाभरात येतो म्हणाला.

काउंटरवरची मुलगी गोडच होती. सोनेरी केस, हनी हनी करत बोलत होती. कीओनानंही आपला ठेवणीतला आवाज काढला. ती विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होती. फोनवर तिचा आवाज असा काही बदलायचा की टेव्हिन चिडवायचा, लग्न मी तुझ्याशी केलंय की त्या बाईशी? तर त्या बाईच्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. डोकं, ठिणग्या, उजव्या बरगडीखाली धरल्यासारखं दुखणं. हसून, मॅम म्हणून सांगितलं.

नर्स आली. बाळाचा बाप असतो ना सोबत, असं तिनं विचारलं. कीओनानं अंगठीचा हात काउंटरवर ठेवला. मग नर्सनं आवाज जरा खाली आणून विचारलं, काही घेतलं नाहीस ना... तसलं काही? कीओना हसतच नाही म्हणाली. दंडाला पट्टा बांधला, मशीन घुरघुरलं, आकडा आला. नर्सनं कपाळाला आठी घातली आणि मशीनवर एक चापट मारली. हे असंच करतं, म्हणाली. शिवाय घाबरलं की वर जातंच. तिकडे वळणापलीकडे खुर्च्या आहेत, शांत बस, मग परत घेऊ.

तेवढ्यात दारातून दुसरी एक पोटुशी आली. गोरी, झोपायची पँट, केसांचं घरटं झालेलं, फोनवर कुणाला तरी शिव्या घालत. पाठ दुखतेय म्हणे. दोन मिनिटांत तिच्यासाठी व्हीलचेअर.

कीओना वळणापलीकडे गेली.

इथे गार होतं, बाहेरच्या उकाड्याचा मागमूस नाही. काउंटर इथूनही दिसत होतं, पण काचेतून पाहावं तसं, लांब. आणि वास... फिनाईलचा नाही. फेस पावडरचा, आणि तापलेल्या कंगव्यानं केस सरळ करताना येतो तसला, तेल जळल्याचा. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला टेकून खुर्च्यांची एकच रांग. सगळ्या खुर्च्यांवर बायका. सगळ्या काळ्या, सगळ्या पोटुशा. आणि नटलेल्या तर अशा की लग्नाला निघाल्यात. मध्ये एकच खुर्ची रिकामी होती.

कीओनाला बरंच वाटलं, खरं तर. आपलीच माणसं. ती बसली.

शेजारीण हिरवी टोपी, पांढरे हातमोजे अशा थाटात होती, मांडीवर पर्स. असले हातमोजे आता कोण घालतं? पण चर्चमध्ये एकेक नमुने असतात, तसली असेल एखादी. कीओनानं विचारलं, फार वेळ झाला का थांबून?

"छे, आत्ताच आले," ती म्हणाली. "बोलावतीलच. म्हणालेत ना." मग पुटपुटल्यासारखं, "तुलाही ठिणग्या दिसतात का गं?"

कीओनानं ठिणग्यांचं तिला सांगितलंच नव्हतं.

"आणि इथं दुखतं," बाईनं हातमोजा आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला. पलीकडच्या बाईनंही तसाच हात ठेवला. तिच्या पलीकडचीनंही. अख्ख्या रांगेत एकेक हात उजव्या बरगडीखाली जात गेला, अगदी हळू, चर्चमध्ये प्रार्थनेला जातात तसा.

कीओनानं आता नीट पाहिलं. हिरव्या टोपीवालीच्या पलीकडे घेरदार फ्रॉक, मोत्यांची माळ. मग एक मोठ्ठा गोल केशसंभार आणि बांगडीएवढ्या रिंगा. मग खांद्यांवर गाद्या शिवलेला निळा कोट. तिच्या आईच्या जुन्या फोटोंमधल्या बायका असायच्या तशा. सगळ्यांची लिपस्टिक ताजी. तिची नजर खाली गेली. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात ना? यांचे सुलटेच होते. पण सुजून असे टम्म झालेले की बुटांच्या कडा मांसात रुतलेल्या, कातडी चकचकीत ताणलेली. एकीच्या बुटाला बाजूनं चीर दिलेली होती, पाय आत जावा म्हणून. आणि बुटांना पॉलिश एक नंबर.

रांगेच्या टोकाला एक तरुण मुलगी होती. ही मात्र आजकालची. लांब रंगवलेली नखं, हातात फोन. अंगठा सारखा वर सरकत होता, पण फोनची काच काळीच होती. ती वळली आणि कीओनाकडे बघून हसली.

हा चेहरा कीओनानं पाहिला होता. कुठे बरं? टी-शर्टवर. तिच्या वस्तीत कुणी अवेळी गेलं की घरचे त्याचा फोटो टी-शर्टवर छापून घेतात, मागे ढग, पाठीला पंख, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा. गेल्या उन्हाळ्यात किराणा दुकानात एक माणूस तान्हं बाळ कडेवर घेऊन रांगेत उभा होता, तिच्या पुढेच. त्याच्या पाठीवर हीच मुलगी होती. असंच हसत होती.

कीओना उठायला गेली आणि पांढऱ्या हातमोज्यानं तिचं मनगट धरलं. हलकेच. आत काही नव्हतंच जणू, नुसतं गार कापड.

"बस बाळा. उभं राहिलं की त्यांना वाटतं भांडायला आलीय."

"मला... मला जायचंय."

"आम्ही पण म्हणालो होतो. नीट, हळू आवाजात. चांगल्या घरच्या आहोत आपण." बाई हसली. दातांना लिपस्टिक लागलेली. "शहाण्यासारखी बसलीस तर बघतील. बघतीलच ना... कधीतरी."

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, पोटातलं बाळ हलत नाहीये. दिवसभर लाथा मारणारं पोर, इथे बसल्यापासून गप्प. तेसुद्धा शहाण्यासारखं बसलंय.

कीओनानं काउंटरकडे हाक मारली. खरं तर तिला किंचाळायचं होतं. पण तोंडातून आला तो त्या बाईचा आवाज. "एक्स्क्यूज मी मॅम, तुम्हाला वेळ असेल तर..." गोड, इस्त्रीचा. काउंटरवरची मुलगी लांबून हसली, दोन मिनिटं हं हनी, अशी बोटं दाखवली. कीओनानं परत प्रयत्न केला. परत तेच. एक्स्क्यूज मी मॅम. आपलंच तोंड ऐकेना म्हणजे काय असतं हे तिला तेव्हा कळलं. आणि रांगेतल्या बायका तिच्याबरोबर ओठ हलवत होत्या. एक्स्क्यूज मी मॅम... तुम्हाला वेळ असेल तर... अख्खी रांग, एका सुरात, खालच्या पट्टीत. दिवे एकेक करून करडे होत गेले. दिवे नाही, तिचे डोळे.

हातमोजा अजून मनगटावर होता. दुसरा अंगठीच्या बोटावर आला आणि बोट थोपटायला लागला.

तिनं काय केलं माहितीय? ते बोट तोंडात घातलं आणि चावलं. अंगठीच्या वर, जिथं जांभळं झालं होतं तिथं, जीव खाऊन. रक्ताची चव आली, कळ डोक्यात गेली, आणि त्या कळेसरशी घशातून जे निघालं ते कॉल सेंटरचं नव्हतं, चर्चचं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. नुसता गुरासारखा हंबरडा. तिनं शेजारची पाण्याच्या बाटल्यांची मांडणी ओढून पाडली, केस मोकळे सुटले, लिपस्टिक आणि रक्त हनुवटीवर. ती ओरडतच राहिली.

रांगेतल्या बायकांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. शू... आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यांवर हसू नव्हतं. भीती होती. तिच्यासाठीची की तिची, कोण जाणे.

आला. गार्डच आला आधी. दंड धरून बाहेर काढायला आला आणि त्याच्या हातातच ती ताठ झाली, डोळे फिरले, झटके सुरू झाले. मग मात्र धावाधाव. मग स्ट्रेचर, मग सुया, मग कात्री. त्या मशीनचा आकडा बरोबर होता, हे तेव्हा कळलं सगळ्यांना.

शुद्धीवर आली तेव्हा अर्लीन उशाशी होती, अंगाला अजून तळलेल्या माशांचा वास. मुलगी झाली होती, मुठीएवढी, काचेच्या पेटीत, पण जिवंत. डॉक्टर आले, छान होते, हसरे. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, म्हणाले. आणि मग मान हलवून म्हणाले, "इतका त्रास होत होता, तर लवकर सांगायचं नाही का?"

अर्लीननं पर्समधून रुमाल काढला आणि स्वतःची लिपस्टिक पुसून टाकली.

मुलीचं नाव त्यांनी ओपल ठेवलं. पेटीतून बाहेर आली, घरी आली, दूध प्यायला लागली, टेव्हिनच्या छातीवर झोपायला लागली. कीओनानं त्या खुर्च्यांचं कुणाला सांगितलं नाही. झटके येण्याआधी मेंदू काहीबाही दाखवतो असं तिनं वाचलं होतं आणि तेवढ्यावर ती निभावत होती.

मग टाके दाखवायला परत जावं लागलं. सकाळची वेळ, लख्ख ऊन. ओपल घरी आजीकडे होती. कीओना मुद्दाम टी-शर्ट आणि चपलांवर गेली, केस नुसते बांधलेले. काउंटरवर दुसरीच मुलगी होती. वळणाशी तिचे पाय आपोआप थांबले.

खुर्च्या रिकाम्या. सगळ्या. फक्त मध्ये एक पोरगी बसली होती, विशीतली, पोट पुढे आलेलं, ब्लाउजला कडक इस्त्री, ओठ नुकतेच रंगवलेले. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून अदबीनं मान हलवत होती. हो मॅम. नाही मॅम.

कीओना धावली. तिनं पोरीचा हात धरून तिला ओढून उभं केलं. ऊठ म्हणाली, चल, आपण दोघी ओरडू, मी आहे ना, मी आधी ओरडते. पोरगी बिचारी गांगरली. मला तुम्ही ओळखता का, असं तिनं विचारलं. कीओना नाही म्हणाली.

"मीही नाही ओळखत तुम्हाला," पोरगी म्हणाली आणि मागे, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुन्हा मान हलवली. "या बाई मात्र ओळखतात वाटतं तुम्हाला. केव्हाच्या विचारतायत, ओपल कशी आहे... वजन वाढतंय का."

कीओनाच्या हातातून पोरीचा हात सुटला.

"आणि म्हणाल्या, तिला सांगा काळजी करू नको." पोरगी छान, गोड, खालच्या आवाजात बोलत होती. "ओपल मोठी होईपर्यंत तिच्यासाठी जागा धरून ठेवतो म्हणाल्या."