आठवी वही

"वेलांटीबाई, असाल तशा निघा. आठवी वही सापडत नाहीये!"

फोनवर डीटीपीवाली होती. हस्तलिखितं संगणकावर उतरवायचं काम तिचं, आणि एरवी तिला हसायला कारण लागत नसे. आज ती हुंदके देत होती.

वेलांटीबाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्यांनी तीस वर्षं पोट भरलं होतं. प्रुफं तपासताना ऱ्हस्व की दीर्घ यावरून त्या भल्याभल्या लेखिकांशी हमरीतुमरीवर येत, म्हणून हे नाव. सगळे तोंडावरच तशी हाक मारत. त्यांना ते मनातून आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ.

प्रकाशन संस्था म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे फक्त बायकांच्या आठवणी छापल्या जात. ज्यांना आयुष्यात कुणी "तुमचं कसं झालं हो?" असं विचारलंच नाही, अशा बायकांच्या. सध्याचं पुस्तक एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. आपली स्मृती चालली आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवसापासून त्या लिहायला बसल्या आणि आठ वह्या भरल्या.

सात वह्या छपाईला तयार होत्या. आठवी मात्र नर्सबाईंनी फडक्यात बांधून, वर गाठ मारून, स्वतः आणून दिली होती. बरोबर आलेल्या भाचीला बजावलं होतं, "छापून येईपर्यंत घरात कुणी वाचायची नाही. माझी पोर कुठे आहे ते यात आहे. मी विसरेन गं. छापलेलं विसरत नाही."

ती पोर त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जन्मल्याबरोबर देऊन टाकली होती. कुणाला, ते आता त्यांनाच आठवत नव्हतं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या वेलांटीबाईंनी डीटीपीवालीला समोर बसवलं.

"शेवटची कधी पाहिलीस?"

"काल दुपारी. चार पानं उतरवली, तुमच्यासाठी प्रूफ काढलं, वही टेबलावर ठेवली."

"मग कोण आलं?"

"मुखपृष्ठाचा फोटो निवडायला घरची मंडळी. नर्सबाई, भाची आणि भाचीची आई, म्हणजे नर्सबाईंची धाकटी बहीण. बोलता बोलता नर्सबाई ताडकन उठल्या. 'माझी पोर खाली आलीय' म्हणत जिन्याकडे धावल्या. आम्ही सगळे मागे."

"सगळे?"

"सगळेच. म्हणजे... पळापळीत कोण मोजतंय? धाकट्या बाई पर्सा घेऊन मागून उतरल्या. भाची नंतर मावशीचा चष्मा आणायला परत वर आली. आपले प्रकाशकसाहेब जिन्यातच होते, कधी वर, कधी खाली. मीच बावळट! कपाटात ठेवायला काय झालं होतं मला?"

"रडून वही येणार आहे का? डोळे पूस."

प्रकाशक मध्येच येऊन डोकावले. डोक्याला हात लावूनच आले होते. "शुक्रवारी मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे, वेलांटीबाई. पाळी हुकली तर थेट दोन महिन्यांनी. आणि दोन महिन्यांनी त्या बाई स्वतःचं पुस्तक ओळखतील की नाही, देव जाणे."

वेलांटीबाईंनी प्रुफाची चार पानं उचलली. नवरा वारला, तेव्हा नर्सबाई गरोदर होत्या. नोकरी बदलीची, रात्रपाळीची. पोर झाली. चौथ्या पानाच्या तळाशी मजकूर थांबला होता: "पोर मी परक्या घरी दिली नाही."

पुढचं वहीत होतं, आणि वही नव्हती.

दुपारी त्या नर्सबाईंच्या घरी गेल्या. दार भाचीने उघडलं. चाळिशीची, शाळेत शिकवणारी बाई. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सापडली?"

"नाही. तुम्ही वाचली होती का? खरं सांगा."

"नाही हो! मावशीला शब्द दिला होता. आता वाटतं, मोडला असता तर बरं झालं असतं. ती दिवसभर फाटकाशी उभी असते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारते, तू माझी का? माझा जीव तुटतो. काहीही करा, पण वही शोधा."

आत खिडकीपाशी नर्सबाई बसल्या होत्या. धाकटी त्यांना भात भरवत होती. नर्सबाईंनी मान फिरवली, तशी ती लाडीगोडीने म्हणाली, "ताई, असं काय गं? आपली आई काय म्हणायची? ताटातलं संपल्याशिवाय उठायचं नाही."

नर्सबाई वेलांटीबाईंकडे वळल्या. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण सभ्यपणा शाबूत होता. "बसा ना. आमची आई फार कडक होती बरं का. तुम्ही लहान मुलांच्या वॉर्डातून आलात का? माझी पोर दिसली तिकडे?"

"नाही दिसली," वेलांटीबाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

धाकटी त्यांना सोडायला दारापर्यंत आली. "नका हो एवढं मनाला लावून घेऊ. तिच्या बोलण्याला काही बूड असतं का? वहीसुद्धा तिनेच कुठेतरी टाकली असेल."

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या टपालपेटीत एक जाड पाकीट निघालं. आत हाताने लिहिलेली नऊ पानं आणि एक चिठ्ठी: "आधीची वही मीच परत नेली. त्यात चुकीचं लिहिलं होतं. आता हे छापा."

प्रकाशकांचा जीव भांड्यात पडला. एक झेरॉक्स त्यांनी लगेच नर्सबाईंच्या घरी पाठवली आणि मूळ पानं वेलांटीबाईंच्या टेबलावर ठेवली. अक्षर नर्सबाईंच्या वळणाचंच होतं, फक्त थरथरतं.

वेलांटीबाई पेन्सिल घेऊन वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर होतं: "आपली आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला काही सांगितलं नाही. पोर तिसऱ्या दिवशी गेली. मी कुणाला दिली वगैरे सगळे माझ्या मनाचे खेळ."

हाताच्या सवयीने त्यांनी 'आपली' खोडून वर 'आमची' केलं आणि पुढे गेल्या. पुढे आणखी एका ठिकाणी तेच. तेही खोडलं. तिसऱ्या वेळी मात्र पेन्सिल थांबली.

"साहेब," त्यांनी हाक मारली, "ही पानं छापायची नाहीत."

"अहो, काय चाललंय तुमचं? पोर गेली ती गेलीच. बाईंना आधी एक आठवलं, मग दुसरं. या आजारात होतं असं."

तेवढ्यात फोन वाजला. भाची होती.

"मी मावशीला ती पानं वाचून दाखवली. म्हटलं, कळलं की शांत होईल. ती जमिनीवर पडून रडली हो, पोर आत्ता गेल्यासारखी. तासाभराने सगळं विसरली. मग पुन्हा विचारलं, माझी पोर कुठे आहे? पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच रडली. रोज अशी मरणार का ती? मी काय करू?"

"काही करू नका. पुन्हा सांगू तर मुळीच नका. मी येते."

प्रकाशकांना त्यांनी दंडाला धरून उठवलं. "चला. साक्षीला कुणीतरी हवं."

नर्सबाईंच्या घरी वेलांटीबाई, प्रकाशक आणि भाची पुढच्या खोलीत बसली. मधलं दार लोटलेलं होतं आणि नर्सबाई आत झोपल्या होत्या. धाकटी पाण्याचे पेले घेऊन आली. वेलांटीबाईंनी पेल्याला हात लावला नाही.

"ही पानं नर्सबाईंनी लिहिलेली नाहीत," त्या म्हणाल्या.

"अक्षर तिचंच आहे," धाकटी म्हणाली.

"अक्षर गिरवता येतं. त्यातून तुम्ही दोघी एकाच घरात, एकाच पाटीवर शिकलेल्या. मी अक्षराचं बोलतच नाही. साहेब, मी आत्ता तुम्हाला म्हटलं, आपली आई आजारी आहे, तर?"

प्रकाशक गोंधळले. "तर... आपण बहीणभाऊ झालो की!"

"झालो ना? दुसऱ्याला सांगताना माणूस 'माझी आई' म्हणतो, नाहीतर 'आमची आई'. 'आपली आई' म्हणतो ते फक्त भावंडाशी बोलताना. सात वह्या मी तीन-तीनदा वाचल्यात. नर्सबाई वाचकांसाठी लिहितात, आणि एकूण एक ठिकाणी 'आमची आई' लिहितात. परवा मला ओळखलंसुद्धा नाही, तरी म्हणाल्या, आमची आई कडक होती. नावं गेली, वर्षं गेली, पण समोरचा घरातला की बाहेरचा, ही जाण गेली नाही. आणि या नऊ पानांत तीनदा 'आपली आई' आहे."

वेलांटीबाईंनी ती नऊ पानं धाकटीसमोर ठेवली.

"डीटीपीवालीने किंवा साहेबांनी हे लिहिलं असतं, तर 'माझी आई' लिहिलं असतं. भाचीने लिहिलं असतं, तर चुकून 'आजी' आलं असतं, कारण तिची ती आजी. लिहिणारीच्या मनात जी बाई होती, तिची आणि लिहिणारीची आई एकच. जन्मभर जिच्याशी 'आपली आई' म्हणून बोललात, तिच्याच नावाने लिहायला बसलात आणि हात घसरला. परवा भात भरवतानासुद्धा तुमच्या तोंडात तोच शब्द होता."

धाकटीने हसायचा प्रयत्न केला. "एका शब्दावरून मला चोर ठरवता?"

"शब्दावरून तुम्हाला ओळखलं. चोरी कशी झाली, ते त्या दिवशीच कळायला हवं होतं. मोठी बहीण धावत जिना उतरतेय, अख्खं ऑफिस तिच्यामागे पळतंय, आणि सख्खी बहीण मागे थांबून पर्सा गोळा करते? पण तुम्हाला एक माहीत नव्हतं. त्या वहीची चार पानं आधीच छापून निघाली होती."

त्यांनी प्रूफ भाचीच्या हातात दिलं. भाचीने शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "पोर मी परक्या घरी दिली नाही."

"परक्या घरी नाही," वेलांटीबाई हळू म्हणाल्या. "मग कुठे? नर्सबाईंना माहेरचं माणूस एकच. आणि वही कुणी वाचू नये म्हणून धडपडणारं माणूसही तेच."

भाचीने कागदावरून डोळे वर केले. आईकडे बघत राहिली. "माझा जन्म कुठे झाला? तू कधीच नीट सांगितलं नाहीस."

धाकटीने खुर्ची ओढली. ती मटकन बसली.

"वही फाडली मी. बादलीत भिजवून लगदा केला. शोधू नका." मग मुलीकडे वळली. "चार वेळा माझं पोट रिकामं झालं. ताईने स्वतःच्या हाताने तुला माझ्या मांडीवर ठेवलं. मी शपथ घातली, हिला कधी कळता कामा नये. चाळीस वर्षं पाळली तिने! तुझ्याकडून मावशी म्हणवून घेतलं. आणि आता काय, तर शपथच विसरली. पुस्तकात छापायला निघाली. ते वाचल्यावर मी तुझी कोण उरले असते गं? बोल ना!"

"आणि ती पोर मेली म्हणून लिहिलंस?"

"तिचा शोध थांबेल असं वाटलं. देवाशप्पथ."

"ती पानं तिला मी वाचून दाखवली," भाची म्हणाली. "दोनदा. माझ्या तोंडाने मी तिला सांगितलं, मी मेले म्हणून. आणि तू स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होतीस."

प्रकाशक भिंतीकडे बघत होते. वेलांटीबाईंना वाटलं, ही चूक सापडली नसती तर बरं झालं असतं का? नाही. पण वाटलं खरं.

आतून हाक आली. "कुणी आहे का? माझी पोर कुठे आहे?"

भाची उठून आत गेली. दार उघडंच राहिलं. ती पलंगापाशी जमिनीवर बसली आणि तिने नर्सबाईंचे दोन्ही हात धरले. "मी आले. तू दिलेली पोर. मीच ती."

नर्सबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "एवढी मोठी झालीस?"

"हो."

"जेवलीस?"

"जेवले."

"माझ्या भाचीला सांगायला हवं. फार करते बिचारी माझं. कुठे गेली ती?"

भाचीने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. बाहेर वेलांटीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"एक विचारू?" नर्सबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "खरं सांग हं. मी ज्यांना दिलं, त्यांनी नीट सांभाळलं ना तुला?"

भाची वळली. दारात धाकटी येऊन उभी होती, चौकटीला धरून. दोघींची नजरानजर झाली.

"सांभाळलं," भाची म्हणाली. "आजारपणात रात्ररात्र जागली. कधी हात उगारला नाही."

"अगंबाई, मग बरं झालं." नर्सबाईंचा सगळा चेहरा सैल झाला. "कोण ते, मला आठवत नाही गं, डोकं चालत नाही. पण मला भेटायचंय त्या माउलीला. घेऊन येशील?"

भाचीने दाराकडे पाहिलं. "ये," ती म्हणाली. पुढे 'आई' म्हणाली नाही.

धाकटीने एक पाऊल उचललं, पण तिला ते पुढे टाकवेना. ती तिथेच दाराशी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"कोण रडतंय?" नर्सबाईंनी विचारलं. "बघ गं जरा. तिचीही हरवलीय का पोर?"